मोहाचे झाड आणि आबकारी खाते

वसंतातल्या व्याख्यानाला विषयही वसंताचाच असावा, ही श्रोत्यांची अपेक्षा रास्तच आहे, आणि आज आम्ही ती अगदी शब्दशः पुरी करणार आहोत. आपण या मंडपात जमलो आहोत त्याच आठवड्यांत, फाल्गुन सरता सरता आणि चैत्र लागता लागता, सह्याद्रीच्या पायथ्याला, सातपुड्यात आणि पार गडचिरोलीच्या रानात मोहाचे झाड फुलते. हे फूल रात्री उमलते आणि पहाटे गळते. गळते म्हणजे वाऱ्याने उडणाऱ्या पाकळीसारखे नव्हे; टपटप आवाज करीत, जाड, रसाळ, फिकट पिवळसर द्राक्षासारखे जमिनीवर पडते. त्या आवाजाने झोपमोड झाली की रानातली बाईमाणसे टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर झाला तर गुरे, हरणे आणि अस्वले आधी पोचतात. अस्वलाला मोहाचे फूल फार प्रिय, आणि पहाटेच्या अंधारात झाडाखाली त्याची गाठ पडून जखमी झालेल्या माणसांच्या बातम्या विदर्भातल्या वृत्तपत्रांत दर उन्हाळ्यात येतात.

या फुलापासून दारू होते, एवढे आपणा शहरवासीयांना ठाऊक असते, आणि बहुधा तेवढेच ठाऊक असते. तेव्हा दारूकडे वळण्यापूर्वी झाडाविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, नाही तर पुढचा सारा इतिहास चुकीच्या बाजूने दिसेल.

संस्कृतात याला मधूक म्हणतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. ऊस, गूळ आणि किराणा दुकान ज्या वस्तीला माहीत नव्हते, तिथे गोडाची गरज या फुलानेच भागवली. फुले उन्हात वाळवली की ती बेदाण्यासारखी सुरकुततात, तांबूस होतात आणि वर्षभर टिकतात. ती भाजून खातात, उकडून खातात, कुटून पिठात मिसळतात, दुभत्या जनावरांनाही घालतात. बियांचे तेल निघते. ते दिव्याला आणि खाण्याला चालते. पावसाळ्याच्या तोंडाला कणगीतले धान्य संपते आणि नवे यायला तीन-चार महिने असतात, त्या दिवसांत वाळलेली मोहफुले पोटाला आधार देतात. दुष्काळात तर विचारूच नका. म्हणून शेत करण्यासाठी रान तोडतानाही मोहाला कुऱ्हाड लावीत नाहीत. वावराच्या मध्यावर एकटा उभा असलेला मोह आजही दिसतो, आणि तो अमक्याच्या आजाचा, तमक्या कुळाचा, अशी त्याची वहिवाट ठरलेली असते.

आता दारू. फुले मडक्यात पाण्यात भिजत घालतात. चार-सहा दिवसांत ती आंबतात. त्याला सडवा म्हणतात. तो सडवा चुलीवरच्या मडक्यात घालून वर दुसरे भांडे पालथे घालायचे, सांधे मातीने लिंपायचे, बांबूची नळी जोडायची आणि नळीचे दुसरे टोक थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात सोडायचे. वाफ चढते, निवते आणि थेंबथेंब गळते. प्रथम येते ती सर्वांत कडक. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग आपण सदाशिव पेठेत बसूनही अस्सल या अर्थाने करतो. तो आला मात्र या भट्टीवरून. भाषा सोवळेपणा पाळत नाही, हे एका परीने बरेच आहे.

वारली, काथोडी, भिल्ल, गोंड यांच्या घरी ही दारू मूल जन्मले की लागते, लग्न ठरले की लागते, माणूस गेले की लागते. पिण्यापूर्वी चार थेंब जमिनीवर, देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने सांडतात. याचा अर्थ ते सणावारीच पीत आणि तोलून मापून पीत, असे चित्र आम्ही रंगवणार नाही. प्यायचे तेव्हा भरपूर पीत, भांडत, आणि दुसऱ्या दिवशी कामाला दांडीही मारीत. पण एक गोष्ट खरी : दारू घरच्या झाडाची, घरच्या चुलीवरची होती. फुले संपली की दारू संपे. तिच्यासाठी कोणी कर्ज काढीत नसे, कारण ती विकणारा कोणी नव्हता.

राज्यकर्त्यांचे लक्ष दारूकडे इंग्रजांच्या काळी प्रथमच गेले असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे आणि मद्य कोठे विकावे, किती विकावे याचे बारीक नियम आहेत. पेशव्यांच्या दप्तरात दारूबंदीचे हुकूम आढळतात; त्यांतून कोणाला सूट द्यायची याचाही विचार त्यांत आहे. पण डोंगरातल्या चुलीपर्यंत या राजवटींचा हात सहसा पोचत नसे. तो पोचवायला तारायंत्र, आगगाडी आणि एक चिकाटीचा मुलकी अधिकारी लागला.

त्या अधिकाऱ्याचे नाव चार्ल्स प्रिचर्ड. मुंबई इलाख्यात तो ज्या खात्याचा कमिशनर होता त्या खात्याचे नावच पाहण्यासारखे आहे : जकात, मीठ, अफू आणि आबकारी. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले मीठ आणि झाडाने जमिनीवर टाकलेले फूल, ही दोन्ही एका टेबलावर आली होती. मिठाचे पुढे काय झाले ते आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे. 1930 सालच्या दांडीची गोष्ट प्रत्येक मुलाला येते. फुलाची गोष्ट पाठ्यपुस्तकात नाही. मीठ सर्वांच्या ताटात होते आणि मोह फक्त रानातल्यांच्या, हे त्याचे कारण असावे असे आम्हांस वाटते.

1878 साली मुंबईचा आबकारी कायदा झाला. त्याआधीही दारूवर कर होता, मक्ते होते. पण सारे ढिले होते. नव्या व्यवस्थेचे सूत्र असे की दारू गाळायची ती सरकारच्या नजरेखालच्या मोठ्या भट्ट्यांतच. तिथे तिची कडकी मोजायची, त्या मापाने कर बसवायचा आणि मग ती परवानेदार पिठ्यांवर विकायची. पुष्कळ ठिकाणी जिल्ह्याच्या जिल्हा एका मक्तेदाराला दिला जाई आणि त्याने अमुक इतके उत्पन्न सरकारात भरण्याची हमी द्यायची असे. ठाणे जिल्ह्यात आणि मुंबई शहरात जी मोहाची दारू खपे तिचे मोठे केंद्र उरण होते. तिथल्या भट्ट्या बहुतांशी पारशी व्यापाऱ्यांच्या होत्या, आणि फुले पंचमहालासारख्या गुजरातच्या भागांतून येत. म्हणजे झाडाखालचे फूल आधी व्यापाऱ्याकडे गेले, मग आगगाडीत चढले, समुद्राकाठी गाळले गेले आणि कराचा शिक्का लागून पुन्हा रानाच्या वेशीवरच्या पिठ्यावर आले. ज्याच्या वावरात मोह उभा होता, तो आता पैसे मोजून तीच दारू विकत घेऊ लागला.

चुलीवरचे मडके हा या दिवसापासून गुन्हा झाला. मक्तेदाराचे स्वतःचे शिपाई असत. ते झडत्या घेत, मडकी फोडीत, माणसे पकडून नेत. दंड भरायला पैसे कोठून आणायचे? पिठ्यावरूनच. पिठेवाला उधार देई, उधारीचे कर्ज होई, कर्जापोटी जमीन जाई. आणि दहा-वीस वर्षांनी पाहावे तो पिठेवाला गावचा जमीनदार झालेला आणि जमिनीचा मालक त्याच्या शेतावर वेठीला. डहाणू-उंबरगावच्या बाजूचा जमिनीचा इतिहास लिहिताना दारूच्या पिठ्याची वही बाजूला ठेवता येत नाही. यात केवळ पारशीच होते असे समजू नये. हिंदू सावकार, कलाल, इतरही होते. मक्त्याचा पैसा सरकारच्या तिजोरीत जाई, आणि सरकारचे धोरण कमीत कमी खपातून जास्तीत जास्त महसूल काढणे हे असल्याचे मोठ्या गांभीर्याने सांगितले जाई. महसूल वाढला, हे खरे. खपाविषयी मात्र बोलायची चोरी होती.

तरी चुली विझल्या नाहीत. शिपाई किती रानात फिरणार? तेव्हा खात्याने विचार केला की दारू पकडण्यापेक्षा फूलच पकडावे. दहा वर्षांपूर्वी एकदा असा प्रयत्न होऊन तो तडीस गेला नव्हता. 1892 साली मात्र मुंबईच्या कायदेमंडळाने मोहाचा स्वतंत्र कायदा केला आणि तो आधी ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी होता. त्यान्वये मोहफुले जवळ बाळगणे, विकणे, ने-आण करणे यांवर निर्बंध आला. या कायद्यापाशी आपण क्षणभर थांबले पाहिजे. तांदळापासून दारू होते, गुळापासून होते, द्राक्षांपासून होते. पण म्हणून तांदूळ साठवणाऱ्या गृहस्थाला कोणी जाब विचारला नाही. इथे मात्र आपल्याच झाडाखाली पडलेले, आपल्या पोरांनी वेचलेले, पावसाळ्यासाठी कणगीत ठेवलेले अन्न हा पुरावा ठरला. फुले खाण्यासाठी आहेत हे सिद्ध करायचे ओझे, ज्याला लिहिता-वाचता येत नाही अशा माणसावर टाकले गेले. दुष्काळात हेच फूल माणसे जगवते, हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला होता. तो आक्षेप टिकला नाही, कायदा टिकला.

याच सुमारास आपल्या शहरांतून काय चालले होते? ते पाहिले तर काहीसे अभिमानाचे आणि काहीसे संकोचाचे आहे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि 1880 साली त्यांनी शहरात दारूची दुकाने वाढवण्याविरुद्ध लेखी तक्रार केली. नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करते आणि दुकाने त्यांच्या आरोग्याचा व संसाराचा नाश करतात, ही विसंगती त्यांना खपत नव्हती. 1908 च्या उन्हाळ्यात टिळकांच्या प्रेरणेने पुण्यातले स्वयंसेवक दारूच्या दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना परतवू लागले. ते हात जोडीत, विनवीत. तरी पोलिसांनी त्यांच्यावर खटले भरले. सरकारची तिजोरी कोठे दुखते हे त्या खटल्यांवरून कळले. पण या साऱ्या चळवळीत दारू ही ‘दुकानातली’ आहे. मोहाच्या फुलाला बंदी झाली याची खंत शहरातल्या सुधारकाने क्वचितच केली. आदिवासी आपल्या व्याख्यानांत आलाच तर तो व्यसनाधीन, अज्ञानी आणि उद्धाराची वाट पाहणारा म्हणून आला.

म्हणूनच 1922 साली जे घडले त्याने सगळ्यांनाच चकित केले. ठाणे जिल्ह्याच्या पालघर किनाऱ्यावर मांगेला कोळ्यांच्या वस्तीत देवीची साथ आली होती. आपल्या भाषेत रोगाचेही नाव देवी आणि दैवताचेही देवीच. ती शांत करण्याचे विधी चालू असता काहींच्या अंगात येऊ लागले आणि देवी माणसांच्या तोंडून आज्ञा देऊ लागली. हे वारे किनारा सोडून डोंगरात शिरले. जव्हार-धरमपूरच्या मुलुखातून, सुरगाणा, नाशिक, खानदेश आणि डांगाकडे पसरले, आणि नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात पोचले. मांडव घालायचे, हजारो माणसांनी जमायचे. अंगात आलेली माणसे हातांत तांबडे फडके धरून, डोके घुमवीत बोलायची. काय बोलायची? दारू आणि ताडी सोडा. मांस सोडा. रोज आंघोळ करा, घरे स्वच्छ ठेवा. दारू विकणाऱ्याच्या घरी कामाला जाऊ नका. त्याची सावली पडली तर आंघोळ करा.

हे शेवटचे वाक्य नीट ऐकले पाहिजे. सावलीचा विटाळ ही आपल्या समाजाने वरून खाली वापरलेली क्रूर कल्पना आहे. इथे ती खालून वर फिरवली गेली. दारू पाप आहे असे कोणा महाराजाने येऊन सांगितल्यावर या माणसांनी ती सोडली नव्हती. ज्या साखळीने आपण सावकाराच्या दाराशी बांधले गेलो, तिची पहिली कडी पिठ्यावर आहे हे त्यांनी ओळखले होते. पिठे ओस पडले. काही महिन्यांनी, विशेषतः गुजरातच्या बाजूला, देवीच्या आज्ञांत गांधींचे नाव आणि खादी मिसळली. राष्ट्रसभेचे कार्यकर्ते पाहायला गेले तेव्हा चळवळ त्यांच्याआधीच उभी होती. पुष्कळ ठिकाणी वर्ष-दोन वर्षांत शपथा ढिल्या पडल्या. काही समाजांत, विशेषतः चौधरींमध्ये, त्यांचा परिणाम टिकला. पण मुंबई इलाख्यात रानातल्या माणसांनी केलेली ही दारूबंदी कायद्याविना झाली, आणि सरकारी उत्पन्नाविरुद्ध झाली, एवढे विसरता कामा नये. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने 1987 साली यावर सबंध ग्रंथ लिहिला, तोवर आपल्या इतिहासलेखनात तिला फारशी जागा नव्हती.

पुढचा भाग पुष्कळांना माहीत आहे, म्हणून झपाट्याने सांगतो. 1937 साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात आबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. हे गृहस्थ स्वतः पारशी, हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर. आणि स्वजातीचा मोठा रोष पत्करून त्यांनी 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबई शहरात दारूबंदी आणली. बुडालेले उत्पन्न भरून काढायला स्थावर मिळकतींवर कर बसला. घरमालकांचा रोष त्यात मिळाला. डॉ. आंबेडकरांनी या धोरणावर टीका केली ती खर्चाच्या अंगाने : गरीब प्रांताने शिक्षण आणि आरोग्य मागे ठेवून हा सोस करावा काय, असा त्यांचा रोख होता. युद्ध आले, मंत्रिमंडळाने राजीनामे दिले. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 6 एप्रिल 1950 पासून सबंध राज्यात दारूबंदी आली. त्यात मद्यार्क असलेली प्रत्येक वस्तू सापडली, ओ-द-कोलनसुद्धा. बलसारा नावाच्या गृहस्थांनी न्यायालयात धाव घेतली आणि 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा बव्हंशी उचलून धरला, मात्र औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंवरील बंधने रद्द केली.

शहरी माणसासाठी प्रकृतीच्या कारणावरून परवाना निघू शकत होता. त्याला डॉक्टरचा दाखला लागे. रानातल्या माणसाला असा डॉक्टर कोठे भेटणार? आणि नव्या कायद्यातही मोहफुलांवरचे निर्बंध जसेच्या तसे चालू राहिले. इंग्रजांनी महसुलासाठी केलेला नियम आम्ही नीतीसाठी पुढे चालवला. झडती घेणाऱ्या शिपायाच्या टोपीचा रंग बदलला, पण फुटणारे मडके तेच राहिले. मुंबईत मात्र काळा गूळ आणि नवसागराच्या हातभट्ट्यांचे साम्राज्य उभे राहिले, आणि ‘आंटी’ हा शब्द नात्याचा न राहता धंद्याचा झाला. साठीच्या दशकात बंधने सैलावली.

1973 साली महाराष्ट्रात देशी दारूचे नियम झाले. ‘देशी’ हा शब्द ऐकून आपणांस वाटेल की आता तरी मोहाचा वनवास संपला असेल. तसे झाले नाही. परवाना मिळालेली देशी दारू मुख्यतः साखर कारखान्यांच्या मळीतून निघालेल्या मद्यार्काची होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या मळीला कायदेशीर बाजार मिळाला. गडचिरोलीतल्या फुलाला मिळाला नाही. यात कोणी मुद्दाम कट केला असे आम्ही म्हणत नाही. साखर कारखान्यांना सभासद असतात, अध्यक्ष असतात, मंत्रालयाचा रस्ता ठाऊक असतो. मोहाच्या झाडाला यांतले काही नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. अशा बातमीनंतर ‘गावठी’ हा एकच शब्द सर्वांना चिकटवला जातो. मालवणीत माणसे मेली ती मिथेनॉलने, म्हणजे कारखान्यातल्या रसायनाने. फुलाच्या सडव्याने नव्हे. पण याच्या उलट, मोहाची दारू निरुपद्रवी आहे, ती आदिवासींची संस्कृती आहे, तिला हात लावू नका, असे शहरातून म्हणणारेही आम्हांस मान्य नाहीत. गडचिरोलीत दारूबंदीची मागणी बाहेरून लादलेली नव्हती. तिथल्या गावांनी, स्त्रियांनी ती वर्षानुवर्षे केली आणि 1993 साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. वर्ध्यात ती 1975 पासून आहे. शेजारच्या चंद्रपुरात 2015 साली झाली आणि 2021 साली उठवली गेली. मार खाणारी बाई कोणत्या झाडाची दारू होती हे विचारीत नाही. घरापुरती गाळलेली दारू आणि पिंपे भरून विकायला गाळलेली दारू यांतला फरक ती बरोबर ओळखते. कायद्याला तो ओळखायला फार वेळ लागला.

1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना दारूवर बंदी घालण्याचा किंवा तिचे नियमन करण्याचा अधिकार देऊ केला. 2006 च्या वनहक्क कायद्याने मोहफुलासारख्या गौण वनोपजावर गावाचा हक्क मानला. आणि 2021 साली महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, बाळगणे आणि त्यांची वाहतूक यांवरची बंधने सैल केली. 1892 पासून मोजले तर या गोष्टीला 129 वर्षे लागली. शेजारच्या मध्य प्रदेशाने 2022 साली आदिवासी गटांनी गाळलेल्या मोहाच्या दारूला वारशाचे मद्य म्हणून बाजारात आणायचे ठरवले. गोव्यातल्या काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण 2009 सालीच मिळाले होते. पोर्तुगीजांच्या राज्यात फेणी गाळणाऱ्याच्या वाट्याला ठाण्याचा मक्तेदार आला नाही, एवढाच दोन फुलाफळांच्या नशिबातला फरक.

गडचिरोलीत आज काय चालते, ते सांगून थांबतो. उन्हाळा आला की गावातल्या बाया पहाटे फुले वेचतात, अंगणात वाळत घालतात. त्यांचे लाडू, सरबत, मुरंबा करून विकणारे बचत गट उभे राहिले आहेत. आणि त्याच बाया, गावाने विक्रीवर बंदीचा ठराव केला असला आणि नाल्याकाठी कोणी विकण्यासाठी सडवा लपवलेला सापडला, तर ड्रम उलथून तो मातीत ओततात. पोलीस येवोत की न येवोत.